हिरवा होत गेलेला समुद्र

११ जानेवारी १९९७, सातारा
माझ्या पीएचडीच्या सरांचा शोधनिबंध छापून आला. नाव एकट्या सरांचं. उपग्रहाची चित्रं मी जुळवली. पाण्याच्या रंगावरून कोकणाजवळच्या समुद्रात सूक्ष्म शेवाळ वाढत चाललंय, हे मी काढलं. पुढं काय होईल त्याचं गणितही मीच बसवलं. विचारलं तर म्हणाले, "त्रिशला, तुझ्या पीएचडीत येईलच की ते." मी "बरं सर" म्हणून निघून आले. त्याचीच जास्त चीड येते.

२६ जानेवारी, कवठे महांकाळ
घरी आले. बागेत अण्णा द्राक्षाचे घड विरळ करत होते. सगळं सांगितलं. हात न थांबवता म्हणाले, "म्हंजे समुद्र हिरवा व्हायलाय, हे तू शोधलंस?"
"व्हय."
"मग भांडली न्हाईस?"
कुणाशी भांडू? प्रबंधावर सही सरांचीच लागते.

३ फेब्रुवारी, सातारा
त्या निबंधाबद्दल कॉलेजात सरांना शाल-श्रीफळ. चहाचं मी बघितलं.

२० मार्च
चर्चासत्र. सरांचं भाषण संपलं तशा गोव्याहून आलेल्या प्रभुदेसाईबाई उठल्या. समुद्रावरच संशोधन करतात. शांतपणे म्हणाल्या, "त्या उपग्रहाचा डोळा निळ्या रंगाला दरवर्षी मंद होत गेला. निळं कमी टिपलं, की पाणी हिरवं वाटणारच. ही दुरुस्ती केलीत का?"
सर घोटभर पाणी प्यायले. म्हणाले, "आकडेमोड माझ्या विद्यार्थिनीची आहे. त्रिशला चौगुले."
माझं नाव! भर सभेत, पहिल्यांदा — आणि ते असं.
त्याहून वाईट म्हणजे बाईंचं बरोबर होतं. अशी दुरुस्ती असते, हेच मला ठाऊक नव्हतं.
मी उठले. म्हणाले, "हो. चूक माझी. आणि चुकीइतकंच बाकीचं कामही माझं आहे. सगळंच."
सरांनी बसायची खूण केली. बसले नाही.

२१ मार्च
सर बोलत नाहीत. बरंच आहे. बाई निघताना दुरुस्तीचे आकडे देऊन गेल्या. म्हणाल्या, "घाबरू नका, करून बघा."

९ एप्रिल
दुरुस्ती घालून सगळं पुन्हा चालवलं. आलेखातली चढत जाणारी रेघ आडवी झाली. समुद्र हिरवा झालेलाच नाही. ज्याच्यासाठी इतकी जळले, ते घडलंच नव्हतं.