दामूतात्याच्या घरात ‘हाय’ म्हणायचं नाही

३ ऑक्टोबर १९७८, कर्जत
टीव्हीवरच्या माझ्या ‘शिवारगप्पा’ला आज पाच वर्षं झाली. धोतर, मुंडासं आणि ‘काय रं मंडळी, बरं हाय ना?’ एवढ्यावर लोक दामूतात्यावर जीव टाकतात. आपण मातीतला माणूस! धोतर ड्रायक्लीनला टाकलं.
आई आली आहे. मालनला पुन्हा बजावलं: पाहुणे आले की आईला आत गुंतवून ठेव. आणि घरात ‘आहे’ म्हणायचं. बायकोला दहा वर्षं शिकवतोय.

८ ऑक्टोबर
प्रोड्यूसरसाहेबांना दिवाळीचा भाग माझ्या घरून हवाय. उत्तम! सोफा, फ्रिज शेजारी खलीलकडे हलवायचे. चूल मांडायची. मालनला गावरान बोलायची खास परवानगी. आई कळंबला परत गेली, ते बरंच झालं.

१४ ऑक्टोबर
तालीम. मालनच्या तोंडून ‘हाय’ निघेना. म्हणते, जीभ वळली आता. मी चिडलो नाही. फक्त ताट सरकवलं.

१९ ऑक्टोबर, शूटिंग
घात! साहेबांनी विचारलं, “वहिनी, तात्या घरीही असेच बोलतात?” मालननं पदर सावरून छापील मराठीत सांगितलं, “नाही. आमच्या घरी ‘हाय’ म्हणायला परवानगी नाही. सासूबाई आल्या की मी त्यांना आत बिरडं सोलायला बसवते. त्यांनी पाहुण्यांसमोर बोललेलं ह्यांना चालत नाही.” सगळे हसले. मीही हसलो, तात्यासारखा.
केसानं गळा कापला! वर विचारते, “शुद्ध नव्हतं का?”
साहेब कापतील तेवढं. माझ्या शब्दाला तिथं वजन आहे.

३१ ऑक्टोबर, दिवाळी
बाकीचं कापलं. तेवढंच ठेवलं.

४ नोव्हेंबर
नाक्यावर झाकीर पानवाला म्हणाला, “यावे दामोदरराव! आपण पान घेणार का?” सगळा नाका हसला. कोणी तात्या म्हणेना. या लोकांसाठी पाच वर्षं घसा कोरडा केला, त्याचं हे फळ. आपलीच माणसं उलटतात.
उद्या कळंबला. आईकडे टीव्ही नाही. तिच्यासाठी मी अजून दाम्याच.

५ नोव्हेंबर, कळंब
ग्रामपंचायतीत टीव्ही आलाय, हे मला कोणी सांगितलं नाही. सगळ्या गावासोबत बसून तिनं पाहिलं.
मला बघून उठली. म्हणाली, “या. बसा. आपण… जेवलात का?”
“आये, असं काय बोलतीस गं? दाम्या हाय मी!”
माझ्यामागे कोणी पाहुणे आहेत का, ते तिनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “चार दिवस घोकते आहे. तुम्हाला माझी लाज वाटायला नको.”
टोमणा नव्हता. मनापासून बोलत होती.
‘आहे’ अगदी स्पष्ट म्हणाली. एकही चूक नव्हती.