नाव पुकारल्यावर उभं राहायचं

लुईझियाना, मंगळवार

प्रिय आई,

तुझा थोरला मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, ब्लडप्रेशरची गोळी चुकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

काल कोर्टात व्हर्नेलची तारीख होती. शाळेत स्वयंपाक करणारी ही बाई मागच्या तारखेला आली नाही, म्हणून तीन आठवडे तुरुंगात होती. मी तिचे कागद स्वतः तपासले. तिचं घर १४२१ नंबरचं, आणि समन्स गेलं १४१२ला! मी तुरुंगात एकोणीस वर्षं कायदा वाचला, तो उगाच नाही.

तिचं नाव पुकारलं तसे, आरोपींच्या पाठीशी कोर्टात हजर राहणाऱ्या आमच्या मंडळाचे चौदाही जण उभे राहिले. हा आमचा शिरस्ताच आहे.

शिपाई ओरडला, "खाली बसा! एलरॉय, तू पॅरोलवर आहेस, विसरलास काय?"

"विसरू कसा, साहेब? तुम्ही दर सोमवारी आठवण करून देता की!"

तिच्या वकिलानं चुकीच्या पत्त्याचा तो कागद पुढे केला. जज्जांनी दोनदा वाचला. संध्याकाळी व्हर्नेल आपल्या घरी मक्याचा पाव भाजत होती.

पॅरोलच्या साहेबांनी शुक्रवारी बोलावलंय. तसं काही नसेल. पण रविवारी माझा फोन आला नाही, तर पाद्रीबाबांना सांग. आला, तर सोमवारी मी पुन्हा कोर्टात.

हा शिरस्ता कुणी पाडला, असं लोक विचारतात. माझं नाव पुकारलं तेव्हा भरल्या कोर्टात तू एकटीच उभी राहिलीस, आणि त्यांनी तुला दटावून खाली बसवलं. काल त्यांना एकालाही बसवता आलं नाही, आई.

तुझाच,
एलरॉय