गुळाखालची तूर

सेनगाव,
९ नोव्हेंबर २०२५

प्रतिक्षा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तांबडं वासरू तर घर डोक्यावर घेऊन राहिलंय. फोन काहून केला न्हाई म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर तेवढी सोय न्हाई.

तुझे बाबा, जळबाकाका, अजून रागात आहेत का, असं आई विचारते. तुमच्या दारात मी ओरडलो हे तिच्या कानावर गेलंच. पण तूच सांग, आमची गाय काळी, तुमचा वळू काळा, अन् वासरू झालं तांबडं, यात माझा काय दोष? रिवाजाप्रमाणं वळूच्या मालकाला पहिला खरवस घेऊन आलो, तर जळबाकाकांनी डबा मागं लोटला. "हे माझ्या वळूचं न्हाई. तुझी गाय कुठं फिरून आली, तिला इचार!" माझ्या गाईला असं बोलले! मग मीबी म्हणालो, तुमचा वळूच भेसळीचा.

तेवढ्यात तू उडीद-तुरीचे दाणे असलेलं सूप घेऊन बाहेर आलीस. "वळूबी खरा, गायबी खरी. गप बसा दोघंबी!"

तू मांडलेलं अजून पाठ आहे. उडीद म्हणजे काळा रंग, तूर म्हणजे तांबडा. गाईपाशी एक उडीद, एक तूर, वळूपाशीबी तसंच. वासराला दोघांकडून एकेकच दाणा मिळतो. एक जरी उडीद आला की काळं. दोन्हीकडून तूर आली तरच तांबडं.

काका डोळे मिटून दाणे उचलत राहिले. उडीद-तूर. उडीद-उडीद. अन् तूर-तूर निघाल्यावर मांडीवर थाप मारून हसले, "आरं तिच्या! माझ्या वळूनं लपवून ठेवलं व्हय!" अन् खरवस उभ्याउभ्याच संपवला.

हिंगोलीला आपल्या वर्गात सरांनी हेच फळ्यावर काढलं होतं ना? मला फळा आठवत न्हाई, पुढच्या बाकावरची तुझी वेणी आठवते. "लक्ष कुठंय?" सरांनी विचारलं. खरं सांगता येईना, म्हणून भांडलो अन् कॉलेजच सोडलं.

असो. खरवसाचा डबा परत पोचला. रिकामं भांडं परत करत न्हाईत म्हणून काकूंनी गूळ घातलेला. गुळाखाली तुरीचा एक दाणा होता.

चुकून राहिला असेल, तर हे पत्र तुमच्या वळूला चारून टाक.

नसेल, तर पाकिटात माझ्याकडचाबी एक आहे. एका दाण्यानं काही दिसत न्हाई, तूच सांगितलंस. दोन झाले की कळव. आईला घेऊन येतो, अन् काकांसमोर आवाज खाली ठेवतो.

तोवर गप बसलेला,
मुंजाजी