फुलोऱ्यावरचा ढग

दाजी,

नमस्कार करावासा वाटत नाही, तरी करतो.

सकाळी व्हिडिओ कॉलवर गहू दाखवलात. तुमच्या पायात माझे गमबूट होते. बांध उतरताना बाबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. ती जागा आजवर माझ्या खांद्याची होती. मी इथे गोदामात खोकी उचलतोय आणि बाबा म्हणतात, "जावई सोन्यासारखा मिळाला!" माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात ओंब्यांना लोंबणारी पिवळी फुलं दिसली आणि मागे काळा ढग. तुम्ही ऐटीत म्हणालात, "पाऊस होऊन जाऊ दे, मग बुरशीचं औषध फवारू." बाबांनी मान डोलावली. अहो, फुलोरा भिजला की बुरशी आत शिरते, मग फवारून काय उपयोग? तरी मी गप्प बसलो. म्हटलं, होऊ दे फजिती. ओंब्या पांढऱ्या पडल्या की बाबांना माझी आठवण येईल.

पण खोकी उचलताना डोळ्यांसमोर तो ढगच येतो. गहू बाबांचा आहे. पत्र पोचेपर्यंत ढग काही थांबायचा नाही, म्हणून फोनच लावतो. पावसाआधी फवारा.

फक्त हे कोणाला सुचलं, ते बाबांना सांगा. आणि गमबूट धुऊन ठेवा.

तुमचा बिनलाडका
मेहुणा