वरचा मजला, सांध्यांसह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टंकलेखिका, राहणार या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाला, लाडीगोडीला किंवा फोनवरच्या सल्ल्याला बळी न पडता, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

बत्तीस वर्षे मी एका वकिलांकडे इतरांची मृत्युपत्रे टाइप केली. घर कोणाला, ते माणसे दोन ओळींत सांगतात. का, ते सांगतच नाहीत. मग मागे राहिलेले लोक ते ‘का’ शोधत कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून मी कारणेही लिहिणार आहे. वकीलसाहेबांना हे पसंत नाही. त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात लिहू नयेत.

कलम १. बँकेतल्या सर्व ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो दूरच्या शहरात असतो, दर रविवारी फोन करतो आणि “आई, ते घर विकून टाक” एवढे वाक्य सोडले तर गोड बोलतो. वरचा मजला यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर केला होता. तो मी मुलाला देत नाही. यात राग नाही. ज्याला तो ‘ते घर’ म्हणतो, ते त्याच्या गळ्यात कशाला मारायचे?

कलम २. दोन अंगठ्या आणि मनगटी घड्याळ सुनेला. तिने कधी मागितले नाही म्हणून.

कलम ३. वरचा मजला. याला जागा लागेल.

हे घर सासऱ्यांचे. त्यांच्या पश्चात दोन भावांनी वाटणी केली. वर आम्ही, खाली धाकटे भाऊजी. भाऊजी फार लवकर गेले. खाली त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि तिची शाळकरी मुलगी उरल्या. सहा महिन्यांनी, म्हणजे आजपासून अकरा वर्षांपूर्वी, धाकटीच्या स्वयंपाकघराच्या छतावर बशीएवढा डाग उमटला.

ती वर आली. “ताई, तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या ओट्यावर गळतंय.”

आमचे हे म्हणाले, “शक्यच नाही. तिथले सगळे सांधे मी स्वतः भरलेत.”

हे खरे होते आणि दिसतही होते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे यांनी सांधे बुजवायचे सिलिकॉन असे लावले होते, की कोणीतरी भिंतीशी भांडून टूथपेस्टची अख्खी ट्यूब तिच्यावर पिळली आहे. जागोजागी अंगठ्याचे ठसे, मध्ये एक केसही अडकलेला. त्याबद्दल बोलायची घरात सोय नव्हती.

धाकटी तो सांधा बघून म्हणाली, “हे असं भरलंय, मग गळणारच.”

त्यावर उत्तर आले, “तुझ्या डोळ्यांत आमचा मजला सलतो. डाग नुसतं निमित्त आहे.” हे यांनी म्हटले नाही. मी म्हटले. नवरा जाऊन सहा महिने झालेल्या बाईला म्हटले. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकाच जिन्याने ये-जा केली आणि एकमेकींशी बोललो नाही. निरोप पुतणी आणायची. “काकू, आई म्हणते डाग ताटाएवढा झालाय.” “तुझ्या आईला म्हणावं, रंग मारून घे.” हे गेले तेव्हा धाकटी वर आली, दाराजवळ तासभर बसली आणि उठून गेली.

पुढे एकदा मी बाथरूमची फरशी घासत होते. चष्मा डोळ्यांवर होता, आणि कौतुक करायला लावणारे कोणी उरले नव्हते. सांधा काळा पडलेला, कडा सुटलेल्या. मला वाटले, ती खरे बोलत होती. खाली जाऊन माफी मागणे मला जमेना, म्हणून मी सिलिकॉन लावायला शिकायचे ठरवले.

आधी प्लंबर बोलावला, हे नोंदवते. त्याने जुन्या थरावर नवा थर पिळला, “दहा वर्षं बघायला नको” म्हणाला, आणि तिसऱ्या महिन्यात दोन्ही थर हातात हात घालून बाहेर आले. त्याने विसरलेली, तोंडाशी वाळून दगड झालेली ट्यूब माझ्या कपाटात आहे. ती त्याला परत द्यावी. (हे कलम ४ समजावे.)

मग मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, “मावशी, माणूस पाठवू का?”

“माणूस येऊन गेला. आता मला शिकवा.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आधी जुनं सगळं खरवडून काढा. ओलं ठेवू नका, एक दिवस वाळू द्या. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. ट्यूबचं तोंड तिरकं आणि बारीक कापा. मोठं नंतर करता येतं, लहान करता येत नाही. ट्यूब गनमध्ये बसवायची आणि गन दाबत एका दमात पुढे जायचं. शेवटी ओलं बोट एकदाच फिरवायचं आणि लगेच पट्टी काढायची.”

“एकदाच?”

“एकदाच. सगळे तिथेच फसतात.”

मीही तिथेच फसले. बत्तीस वर्षे मी चूक दिसली की पांढरा रंग लावून वर दुरुस्त अक्षर मारले. सिलिकॉनला हा प्रकार मान्य नाही. पहिल्यांदा मी चार वेळा बोट फिरवले आणि यजमानांच्या कलाकृतीची नक्कल तयार झाली. दुसऱ्यांदा भिंत नीट वाळली नव्हती. तिसऱ्यांदा ट्यूबचे तोंड एवढे मोठे कापले, की पट्टी काढताना माझी बाहीच भिंतीला चिकटली. मग महिनाभर मी पुठ्ठ्याच्या खोक्यांचे आतले कोपरे भरत बसले. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, तू बरी आहेस ना?” त्या दिवशी मी सलग सात कोपरे न थांबता भरले होते. इतकी बरी मी कित्येक वर्षांत नव्हते.

चौथ्यांदा जमले. पट्टी ओढली आणि खाली पांढरी, बारीक, कुठेही न डळमळणारी रेघ निघाली. मी स्टूल टाकून तिच्यासमोर बसले.

आठ दिवसांनी पुतणी वर आली. “काकू, डाग वाढलाय.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी खालच्या मजल्याची बेल वाजवली. हातात जांभळ्या शाईची बाटली होती. धाकटीला म्हटले, “मी ही बादलीत मिसळून वर ओतते. माझं पाणी असेल तर जांभळं गळेल.” ती दारातून बाजूला झाली. वर ओतून आले आणि आम्ही दोघी डागाखाली खुर्च्या टाकून, माना वर करून बसलो. तास गेला. तिने न विचारता चहा केला. साखर कमी, मला लागते तशी. दुपारी बाहेर पाऊस आला, पाठोपाठ डागातून थेंब पडला. स्वच्छ, बिनरंगी थेंब.

पुतणी भिंतीतली ओल हाताने चाचपत कडेकडेने वर गेली आणि जिन्यातून ओरडली, “इथे या दोघी!”

जिन्यातल्या खिडकीची चौकट भिंतीपासून बोटभर सुटली होती. पाऊस तिथून आत शिरायचा आणि भिंतीच्या पोटातून धाकटीच्या छतावर जायचा. वाटणीच्या कागदात जिना आणि ती खिडकी सामाईक लिहिली आहे. त्यामुळे दोघींनीही तिच्याकडे कधी पाहिले नव्हते.

म्हणजे आमचे हे खरे बोलत होते. त्यांचा सांधा विद्रूप होता, पण थेंब जाऊ देत नव्हता. तो सुटला तो पुढे, म्हातारा होऊन. धाकटीचा आरोप खोटा ठरला, माझा तर पहिल्यापासूनच खोटा होता, आणि चार ट्यूब व एक महिना खर्चून मी वेगळीच जागा बुजवली होती. बाथरूमची फरशी अजून जांभळट आहे. मजला घेणाऱ्याने हे धरून चालावे.

पाऊस थांबून चौकट वाळल्यावर मी स्टुलावर चढले. धाकटीने स्टूल धरले. अर्धी रेघ झाल्यावर मी म्हटले, “तेव्हा मी तुला मजल्याबद्दल जे बोलले...”

“हात थांबवू नका ताई, मध्ये थांबलं की गाठ येते. तुम्हीच सांगितलंत.”

मी रेघ पुरी केली. बोट एकदाच फिरवले. मग म्हटले, “चुकीचं बोलले गं मी.”

“हो,” ती म्हणाली. “फार लागलं होतं. आता उतरा, गुडघे सांभाळून.”

याला दोन वर्षे झाली. छत कोरडे आहे.

म्हणून वरचा मजला मी धाकटीच्या नावे लिहिला होता. कागद तयार झाला आणि वकीलसाहेबांनी सांगितले, की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा हिस्सा रद्द होतो. धाकटी शेजारीच बसली होती. म्हणाली, “मग मला काही नको. सही मीच करणार.”

“अगं, अख्खा मजला आहे. एक सही सोडून दे.”

“वाटणीच्या वेळी आपल्याला कोणी विचारलं होतं का, ताई? दोघा भावांनी सह्या केल्या आणि आपल्याला वाचून दाखवलं. या घराच्या एका तरी कागदावर माझी सही असू दे.”

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी कागदावरचे धाकटीचे नाव खोडले. सबब, वरचा मजला, त्यातले सर्व सांधे, सिलिकॉनची गन, खरवडायची पट्टी आणि उरलेल्या दोन ट्यूब माझ्या पुतणीला. यापूर्वीचे सर्व मसुदे रद्द समजावेत.

स्थळ: वरच्या मजल्याचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळी अकरा

लिहून ठेवणारी: (सही) थोरली जाऊ

साक्षीदार १: (सही) कोपऱ्यावरचे हार्डवेअर दुकानदार. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: (सही) धाकटी जाऊ, राहणार खालचा मजला. ताईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. हट्टी होत्या, पण शुद्धीवर होत्या.