फ्लेक्सवरची मंजुषा

रविवार, दि. १९ जानेवारी २०२५, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. मंगल कार्यालय, नांदूरघाट.

नांदूरघाट,
मंगळवार, दि. २१ जानेवारी २०२५

चि. रुद्राणीस,
महादेवीअक्काचा शरणार्थ.

पत्राच्या डोक्यावर वेळ पाहून दचकू नकोस. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर तक्रारवही पुढे सरकवून म्हणायच्या, आधी तारीख, मग वेळ, मग काय ते रडा. तू विसरलीस, कारण तुला कधी तक्रार करावी लागली नाही. मी ती वही दोनदा भरली.

चार गल्ल्यांवर राहणाऱ्या बहिणीला रजिस्टर पोस्टाने पत्र, म्हणून तू आणि तुझी सून हसाल. हसा. तुझ्याकडे बोलायला आले की तू चहा टाकतेस, आणि चहा संपेपर्यंत माझ्या बोलण्यातला दम गेलेला असतो. पोस्टमन तुझी सही घेईल. मग 'अक्का, तू असं कधी म्हणाली होतीस?' हे चालणार नाही.

माझी तब्येत ठीक. थंडीने गुडघा धरला आहे. तुझ्या मालकांचा खोकला उतरला असेल. वर्षाराणीची परीक्षा जवळ आली, तिला मोबाईल कमी बघायला सांग. आजीचं ऐकत नसेल तर माझं नाव सांग.

आता मुद्दा.

मंजुषाचा सत्कार तुझ्या महिला मंडळाने ठेवला, याचं मला वाईट वाटलं नाही. गावची पोर भारताच्या फुटबॉल संघातून खेळून आली, सत्कार व्हायलाच हवा. पण पत्रिकेवर 'प्रेरणास्थान : सौ. रुद्राणी' असं छापताना तुला काहीच वाटलं नाही? कोणती प्रेरणा दिलीस तिला? तिच्या चेंडूने तुझी पापडांची खाट उधळली म्हणून तो दोन दिवस कोठीत कोंडून ठेवला होतास, ती?

तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की थेट उन्हाळ्यात परतायचे. पाचवीपासून बारावीपर्यंत ते सहा-सहा महिने ती कुणाच्या घरी राहिली? शाळेला खेळाचा मास्तर नव्हता म्हणून तो तास इंग्रजीच्या बाईंच्या गळ्यात कुणी मारला, आणि त्या बाईंनी पुस्तक उघडून ऑफसाइड म्हणजे काय ते चाळिशी लावून कसं वाचलं, तुला ठाऊक आहे. बीडला, अंबाजोगाईला, पुढे पुण्याला निवड चाचणीसाठी एसटीत तिच्या शेजारी कोण बसलं? तू कधी स्टँडपर्यंत तरी आलीस?

रविवारी व्यासपीठावर 'पालक' अशी चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. तिचे आईबाप कर्नाटकात फडात. मुकादमाने सोडलं नाही. त्या खुर्चीवर मी माझा रुमाल टाकून ठेवला होता. तू तो उचललास, घडी करून माझ्या हातात दिलास आणि बसलीस. वर म्हणालीस, "अक्का, तुझा रुमाल राहिला होता."

मंजुषाला साडीही तुझीच, जांभळी इरकल. माझ्या कपाटात तिच्यासाठी घेतलेली साडी होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि मग अकरा वाजून वीस मिनिटे. मंजुषाला हार घालायला तू बिभीषणआबांना बोलावलंस, गावातले वडीलधारे म्हणून. म्हाताऱ्याला कमी दिसतं, हे गावाला माहीत आहे. त्यांनी मागच्या फ्लेक्सकडे पाहिलं. फ्लेक्सवरची मुलगी दुधासारखी गोरी, गाल गुलाबी. मग त्यांनी समोर पाहिलं. समोर ताट धरून तुझी वर्षाराणी उभी, गोरीपान, नटलेली. त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला. मंजुषा शेजारी होती, तिने कुणाची तरी पडलेली काठी उचलून दिली होती. तिला आबा काय म्हणाले ते मी पहिल्या रांगेतून ऐकलं.

"ए पोरी, जरा बाजूला सरक की. फुटूत यायलीस."

आणि ती सरकली, रुद्राणी. भारताकडून खेळणारी मुलगी गावच्या फोटोतून बाजूला सरकली.

लोक हसले. आबांच्या कानाशी कुणी ओरडलं, "आबा, ती काळी, ती! ती खेळाडू हाय!" तेव्हा आणखी हसले. वर्षाराणी बिचारी रडवेली झाली, हार काढायला गेली, तर तू तिचा हात धरलास. एकीच्या गळ्यातला हार काढून दुसरीला घालत नाहीत, म्हणालीस. रीत तुला अशा वेळी बरोबर आठवते. मंजुषाला शाल आणि नारळ मिळाला, आणि सोमवारच्या पेपरात हार घातलेल्या तुझ्या नातीच्या फोटोखाली नाव मंजुषाचं.

तिच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीचं तर विचारूच नकोस. लिन्थोई, मणिपूरची, संघाची गोलरक्षक. स्टँडवर पोरं तिला "ए मोमो" म्हणून ओरडली. तुझ्या मंडळाच्या खजिनदारीणबाईंनी माइकवर 'नेपाळहून आलेल्या पाहुण्या' म्हणून तिचं स्वागत केलं. अंगावर भारताचं जॅकेट होतं तिच्या.

मी त्या दोघींसाठी पहाटेपासून धपाटे थापले होते. तू त्यांना जेवायला तुझ्याकडे नेलंस. दोन तास. माझ्याकडे त्या चार वाजता आल्या, बॅग न्यायला. गाडी साडेचारची.

त्या अर्ध्या तासात जे ऐकलं, ते तुला सांगते, कारण तुझ्या जेवणाच्या पंगतीत हे कुणी विचारलं नसणार.

मी टीव्हीवर परदेशातले सामने बघते. काळ्या खेळाडूंकडे केळी फेकतात, माकडासारखे आवाज काढतात. मला वाटायचं, हा त्यांचा रोग. मी विचारलं, तुमच्या वाट्याला आलं का असं कधी? मंजुषा म्हणाली, डिसेंबरात बाहेरच्या देशात कॉर्नर घेताना मागून तेच आवाज आले. मी हळहळले. तर ती म्हणते, "बाई, तिथं निदान भाषा कळत न्हवती."

मग तिने मोबाईल दाखवला. संघाचा फोटो, खाली लोकांनी लिहिलेलं. आपल्याच देशातले, आपल्याच मराठीत. एकाने लिहिलं होतं, लाइट गेली की हिने दात दाखवावे, म्हणजे पास देता येईल. त्याला नऊशे जणांनी हसरे चेहरे पाठवले होते. लिन्थोईला हॉटेलांत पासपोर्ट मागतात, आधारकार्ड दाखवलं तर ते खरं आहे का म्हणून उन्हाकडे धरून बघतात. झारखंडच्या एकीला कुणी संघाच्या बसमध्ये चढू दिलं नाही. झाडलोट करणारी समजले.

मी लिन्थोईला विचारलं, तुम्ही बावीस जणी. त्यातल्या किती जणींना हे सोसावं लागलं?

"तेईस, मॅडम," ती म्हणाली. "फिज़ियो दीदी को भी."

आणि दोघी हसल्या. मी नाही हसले. मी म्हणाले, अडाणी लोक आहेत, लक्ष देऊ नका.

त्यावर मंजुषा फार शांतपणे बोलली.

"अडाणी कावून, बाई? तुमी तर कॉन्व्हेंटच्या."

काल दिवसभर मी तुझ्यावर संतापत होते. आज सकाळी स्टूल घेऊन स्टँडवर गेले आणि तिथे लावलेल्या तशाच दुसऱ्या फ्लेक्सच्या दोऱ्या भाजीच्या सुरीने कापल्या. गुडघ्याची पर्वा केली नाही. छपाईवाला श्रीशैल दुकानातून धावत आला.

"बाई, आवो पडताल! कावून उतरवायल्या?"

"चूक दुरुस्त करते आहे."

"कुणाची?"

चार माणसं जमली होती. मी फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून घरी आले. चूक कुणाची ते श्रीशैललाही ठाऊक होतंच, म्हणून तर विचारत होता. तुला ठाऊक नाही, तर घे.

फोटो मी दिला होता. तुझं मंडळ फोटोसाठी तिच्या मागे लागलं होतं. मी तुला डावलून परस्पर श्रीशैलकडे नेऊन दिला, की निदान फोटो तरी माझ्याकडचा असावा. आणि निघताना म्हणाले, "थोडी उजळ कर रे. उन्हात खेळून काळवंडलीय." ती काळवंडलेली नाही. ती तशीच आहे, जन्मापासून. त्याने यंत्रावर थोडी उजळ केली, मी म्हणाले, अजून थोडी. आबांचे डोळे अधू आहेत, पण रविवारी त्यांनी मी दाखवलं तेच पाहिलं.

आणि एवढंच नाही. आठ वर्षं, दर रविवारी सकाळी, न्हाणीघराच्या दारात तिला पाटावर बसवून बेसन, हळद आणि साय चोळायचे मी. ती म्हणायची, "बाई, जळजळतंय." मी म्हणायचे, "गप बस, माणसात दिसायला नको?" जिल्ह्याच्या संघाचा फोटो निघाला तेव्हा गोल हिचे, आणि मी हिला मागच्या रांगेत उभी केली, 'पुढे उजेड फार आहे' म्हणून. आबांच्या आधी मी तिला सरकवली होती. मला ती माया वाटत होती, रुद्राणी. मला अजूनही ती मायाच वाटते, हीच तर पंचाईत.

तुला हे कधी कळायचं नाही. ख्रिसमसच्या नाटकात तू दरवर्षी देवदूत, आणि मी दरवर्षी उंट. तोही मागचे पाय. अंधारात वाकून चालताना मला फक्त पुढच्या मुलीची कंबर दिसायची आणि टाळ्या ऐकू यायच्या, तुझ्या. आई म्हणायची, 'धाकटीने घराण्याचं नाव राखलं'. काय करून राखलं, ते विचारायची सोय नव्हती. मी ठरवलं होतं की माझ्या हाताखालच्या पोरीला उंट होऊ देणार नाही. त्यासाठी तिचा रंग खरवडायला बसले. खेळ तिचा तिने केला, तेवढाच बरा झाला.

हे लिहिताना मला तुझा राग येत नाहीये, असं समजू नकोस. येतोच आहे. खुर्चीचा, साडीचा, पत्रिकेचा, सगळ्याचा. त्यात आता आणखी एकाची भर.

काल वर्षाराणी माफी मागायला आली होती. गुणी पोर आहे. तिच्या तोंडून निसटलं की जेवण झाल्यावर मंजुषा तुझ्या मागच्या ओसरीवर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बराच वेळ. तू तिच्या केसांतून हात फिरवत होतीस म्हणे.

आठ वर्षांत ती माझ्यापुढे रडली नाही. गुडघा फुटून टाके पडले तेव्हा नाही, आजा वारला आणि आईबाप फडातून पोहोचले नाहीत तेव्हाही नाही. मी समजायचे, पोर खंबीर आहे. पापडांवरून चेंडू कोंडणाऱ्या बाईच्या मांडीवर ती रडली. तू तिला कधी उजळ करायला गेली नाहीस, म्हणून असेल. तुला तिची तेवढी फिकीरच नव्हती. आणि तिला तेच बरं वाटलं असेल, तर मी काय म्हणू?

रविवारपासून मी तिला सहा फोन केले. 'नंतर करते बाई' एवढाच मेसेज आला. एक फेब्रुवारीपासून तिचं शिबिर आहे, तिथे फोन काढून घेतात. त्याआधी तिला माझं पत्र मिळायला हवं, नाहीतर उन्हाळ्यात आईबाप परतल्यावर ती गावात येईल आणि माझ्या दारावरून सरळ पुढे जाईल. कागद पुढ्यात आहे. 'प्रिय मंजुषा' असं लिहिलंय. पुढे पेन चालत नाही, कारण तिच्या मनात माझ्याविषयी काय आहे हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

तेव्हा हे लेखी मागते आहे. ती तुझ्या मांडीवर माझ्याबद्दल जे बोलली ते शब्दशः लिहून पाठव. त्यात साखर घालू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस आणि तुला बरं वाटेल म्हणून वाढवू नकोस. चहाला बोलावू नकोस, मी येणार नाही. वर्षाराणीच्या हाती निरोप चालणार नाही. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, मंगळवार दि. २८ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. साडेपाचला टपालाची थैली जाते. तिच्या पत्त्यावर ते तीन दिवसांत पोहोचतं.

ती माझ्याबद्दल काहीच बोलली नसेल, तर तेही लिही.

तुझी थोरली बहीण,
महादेवी