चिमीसाठी गिटार

४ जून
पोचलो एकदाचा! गिटारदुरुस्तीच्या या कारखान्यात आजपासून रुजू. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. वरची खोली त्यांनीच दिली. खिडकी ऐसपैस, नळाला पाणी धो धो. चिमी, माझी धाकटी बहीण, सुट्टीत येणार आहे. तिच्यासाठी एक इलेक्ट्रिक गिटार घडवू का म्हणून भीतभीत विचारलं, तर मास्तर म्हणाले, घडव की, लागतील ते भाग निवड.

११ जून
बॉडीला हलकं लाकूड निवडलं; चिमीचा खांदा म्हणजे कपड्यांचा हँगर. गिटारची मान सडपातळ, तिच्या आखूड बोटांना पेलेल अशी. खुंट्या जुन्या, पण घट्ट. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक, मास्तरांनी स्वतः आणून दिलं. त्यांच्या मुलीने, राणीने, हाताने तार गुंडाळून केलेलं. ती गेली तेव्हा चिमीएवढीच होती. हे लाव, म्हणाले, कुणीतरी वाजवू दे. माझ्याच्याने नाही म्हणवेना.

१९ जून
तारा चढवून गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडली. स्पीकरमधून कुणीतरी गुणगुणलं. पिकअपमध्ये मेण नीट भरलेलं नसलं की ते खोलीतलं बोलणंही पकडतं, ठाऊक आहे. पण खोलीत मी एकटा, आणि तोंड मिटलेलं. मागे वळलो तर दारात मास्तर. डोळे पुसत म्हणाले, तिचाच आवाज.

२२ जून
चिमी आली. गिटार बघून गळ्यातच पडली. मग वाजवायला बसली ती उठेचना. इतकं सफाईदार! हिला तर अजून धड कॉर्डही धरता येत नाही.

२४ जून
चिमी म्हणून हाक मारली तर मान वर करत नाही. माझ्याकडे बघते ती अनोळख्यासारखी. मास्तरांनी हाक मारली — राणी. तिने ओ दिली.

२५ जून
सकाळपासून ती मास्तरांजवळ. बाबा म्हणते त्यांना. गिटार माझ्या मांडीवर, तारांना बोटही लावलेलं नाही, आणि स्पीकरमधून — दादा, मला इथून काढ —

दुपार
खोलीचं दार आतून लावलंय. पिकअप उचकटायला गेलो तर स्पीकरमधून चिमी किंचाळली. वायर तोडू नको दादा, तुटली की मी —
बाहेर मास्तर. आधी विनवत होते, माझी पोर पुन्हा नेऊ नकोस म्हणून. आता पावलं जिन्याखाली, मेन स्विचकडे —
चिमीला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, दादा, माझा हात धर —
पंखा थांबला. अँपचा दिवाही.
चिमी? चिमे, बोल ना, अगं —